गुडघा चांगला होता

माझा डावा गुडघा चांगला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे काही झालं त्यात गुडघ्याचं नाव घरातल्या कुणीच घेतलं नाही. जो तो पायाबद्दल बोलत होता. पाऊल बिघडलं होतं, ते मी नाकारत नाही. पण गुडघा चांगला होता. नाशिकजवळच्या एका शाळेत मी निवृत्त होईपर्यंत पी.टी. शिकवली. कवायत, लेझीम, लंगडी, आणि मैदानात चिखल झाला की व्हरांड्यात उठाबशा. माझ्या वयाचे मास्तर खुर्चीतून उठताना 'आई गं' म्हणायला लागले तेव्हाही मी पोरांबरोबर उठाबशा काढत होतो. शुगर चाळिशीतच मागे लागली. तिने डोळे थोडे खाल्ले, पावलांची जाणीव खाल्ली, पण गुडघ्यांच्या वाटेला ती गेली नव्हती.

बायको गेल्यावर मुलाने मला आखातात, दोह्याला आणलं. मी यायला फार नाखूश नव्हतो. रिकाम्या घरात दोन पोळ्या लाटून एकट्याने खायचा मला कंटाळा आला होता. मुलगा रास लफानला गॅसच्या प्लांटमध्ये इंजिनिअर. शिफ्ट असली की कंपनीची बस त्याला अंधारात घेऊन जाते आणि अंधारात आणून सोडते. सून ओल्ड एअरपोर्टकडच्या एका शाळेच्या ऑफिसात. नात मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते आणि मी तिच्या इंग्रजीला मराठीत. आमचं छान चाललं होतं. घर अल अझीझियात, चालत जाण्यासारखं मोठं पार्क जवळ. संध्याकाळी ऊन कलल्यावर मी पार्कात जायचो, तळ्याला फेऱ्या मारायचो, धापा टाकणाऱ्या तरुण पोरांना मनातल्या मनात 'छाती पुढे, मान ताठ' म्हणायचो आणि घरी येऊन पाय धुवायचो.

त्या पाय धुण्यातच सगळं झालं. इथे उन्हाळ्यात नळांचा कारभार उलटा असतो. पाण्याच्या टाक्या गच्चीवर, दिवसभर ऊन खातात, त्यामुळे गार पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं. मग लोक मे महिन्यात गिझर बंद करून टाकतात आणि गिझरमध्ये घरातल्या एसीने थंड झालेलं पाणी गार म्हणून वापरतात. म्हणजे लाल खुणेचा नळ गार आणि निळ्या खुणेचा गरम. सुनेने मला आल्या आल्या हे नीट समजावलं होतं आणि अंघोळीला मी बिनचूक लाल नळ सोडायचो. पण संडासातल्या हातात धरायच्या फवाऱ्याला लाल-निळं काही नसतं. तो थेट गच्चीच्या टाकीवर. एके संध्याकाळी बाथरूममध्ये स्टुलावर बसून, फवारा डाव्या पावलावर धरून, मी निवांत कसला तरी विचार करत बसलो. पावलाला काही कळत नव्हतं, त्यामुळे मलाही कळलं नाही. बाहेर आलो तर सून ओरडली, "बाबा, पायाला काय झालं?" खाली पाहिलं. पावलाची कातडी तळलेल्या पुरीसारखी फुगली होती.

मग ड्रेसिंग, मलमं, इंजेक्शनं. वरून जखम भरत आल्यासारखी दिसायची आणि आतून कुजत होती. दोन बोटं काळी पडली, वास यायला लागला, ताप आला आणि मला हॉस्पिटलात भरती केलं.

तिथला सर्जन सुदानी होता. उंच, सावकाश बोलणारा, हात मोठे आणि स्वच्छ. मला 'बाबा' म्हणायचा. इकडे सगळ्याच म्हाताऱ्यांना म्हणतात, पण त्याच्या तोंडून ते बरं वाटायचं. एका सकाळी तो आला तेव्हा मुलगाही होता. सर्जनने स्टूल ओढलं, माझ्याजवळ बसला आणि साध्या इंग्रजीत सांगितलं. माझं इंग्रजी शाळामास्तराचं, बोलताना अडखळतं, पण समजतं सगळं. तो म्हणाला, पावलाच्या हाडापर्यंत इन्फेक्शन गेलंय, पावलातला रक्तपुरवठा संपल्यात जमा आहे, पाऊल आता राहत नाही. मग त्याने तळहाताची कड माझ्या पोटरीवर आडवी ठेवली. "इथे," तो म्हणाला. "गुडघ्याच्या खाली. गुडघा राहील. गुडघा राहिला की कृत्रिम पाय लावून तुम्ही चालाल, बाबा. थांबलो तर इन्फेक्शन वर चढेल आणि मग मला इथे यावं लागेल." त्याने हात उचलून मांडीवर ठेवला. "गुडघ्याच्या वर कापलं की गोष्ट वेगळी होते. या वयात फार वेगळी."

मला लख्ख कळलं. इतकं स्वच्छ मला कुणी आयुष्यात समजावलं नव्हतं. पोरांना लंगडी शिकवणाऱ्या माणसाला गुडघा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. गुडघा असला तर माणूस जिना चढतो, खुर्चीतून उठतो, पडता पडता सावरतो. मी मनात हिशेब करून मोकळा झालो होतो. पाऊल गेलं तर जाऊ दे, गुडघा वाचवा.

"तर मग बाबा," सर्जन म्हणाला, "तुमचं काय म्हणणं आहे?"

मी मुलाकडे पाहिलं आणि म्हणालो, "ॲज माय सन सेज."

आता हे मी का म्हणालो ते सांगायला हवं. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला की माणूस 'नको नको, पुरे' म्हणतो आणि ताटावर हात आडवा धरतो. पण बोटं जराशी फाकवून धरतो. त्या बोटांमधून जिलबी पडेल एवढी जागा त्यात ठेवलेली असते. वाढप्याने 'घ्या हो, एक घ्या' म्हणायचं असतं आणि मग आपण 'बरं, तुमचा आग्रह आहे तर' म्हणून खायची असते. पहिल्या 'नको'ला खरं मानून पुढे जाणारा वाढपी आमच्या गावात टिकला नसता. घरातही तसंच. माझ्या वडिलांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी त्यांना विचारलं, "दादा, करायचं का ऑपरेशन?" ते म्हणाले, "तू म्हणशील तसं." मी म्हणालो, "तसं नाही दादा, तुम्ही सांगा." मग ते खाकरले आणि म्हणाले, "दिवाळीनंतर करू. डावा आधी." सगळं त्यांनीच ठरवून ठेवलं होतं. मुलाचा मान ठेवायचा म्हणून आधी ते वाक्य. चारचौघांत मुलाला मोठेपणा द्यायचा, मुलाने तो परत आपल्या हातात आणून द्यायचा. मी सर्जनसमोर तेच केलं. परक्या देशात, परक्या माणसापुढे माझ्या मुलाची मान ताठ राहावी म्हणून मी हात आडवा धरला, बोटं फाकवून.

सर्जनने मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावर मला कौतुकही दिसलं. त्याच्याकडेही म्हातारी माणसं असंच म्हणत असणार. मग तो उठला, मुलाकडे वळला आणि त्या क्षणापासून पुढे माझ्याशी त्या विषयावर एक शब्द बोलला नाही. त्याला मी दोष देत नाही. मी डोळे मुलावर लावून वाट पाहत होतो. आता हा जवळ येईल, पलंगाच्या कडेला बसेल, म्हणेल, 'तसं नाही बाबा, तुम्ही सांगा.'

मुलगा म्हणाला, "डॉक्टर, आम्हाला थोडा वेळ द्या. फॅमिलीत डिस्कस करतो." आणि फोन घेऊन कॉरिडॉरमध्ये गेला.

आमची ही असती तर तिने त्याला दारातूनच मागे ओढलं असतं. "अरे, त्यांना परत एकदा विचार," एवढंच म्हणाली असती. तिला माझी फाकलेली बोटं दिसायची.

फॅमिली म्हणजे पुण्याची मुलगी, जावई, नाशिकचा माझा भाचा, आणि अधूनमधून सुनेचे वडील. भाचा डॉक्टर आहे. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घराचा गावाकडे असा एक डॉक्टर असतो. इथला डॉक्टर कितीही मोठा असो, रिपोर्ट तिकडे पाठवल्याशिवाय आणि तिकडून 'ठीक आहे' आल्याशिवाय घरात कुणाला झोप लागत नाही. भाच्याने माझ्या पावलाचे फोटो मागवले. सुनेने ड्रेसिंगच्या वेळी सगळ्या बाजूंनी काढले. मी उशीला टेकून, पाऊल पुढे करून, लग्नाच्या मुलीसारखा बसलो होतो. फोटो गेले, रिपोर्ट गेले, स्कॅन गेला. भाच्याने सांगितलं, "घाई करू नका. असे कितीतरी पाय मी वाचवलेत. इन्फेक्शन जरा खाली आणा आणि मामाला इकडे घेऊन या."

मग सगळ्यांना जोर चढला. मुलाने रजेचा अर्ज टाकला. सुनेने व्हीलचेअरवाल्या तिकिटाची चौकशी सुरू केली. मुलीने पुण्याहून माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना कळवलं आणि त्या पोट सुटलेल्या, टक्कल पडलेल्या पोरांचे निरोप यायला लागले. "सर, तुमचा पाय म्हणजे शाळेचा पाय. लढा सर." एकाने माझा शर्यतीतला जुना फोटो पाठवला. मला हसू आलं आणि मग इतका राग आला की मी फोन उलटा करून ठेवला. शाळेचा पाय म्हणे! शाळेला पाय हवा असेल तर शाळेने यावं आणि या ड्रेसिंगचा वास घ्यावा.

हॉस्पिटलने ताप उतरल्यावर, निर्णय कळवा म्हणून बजावून, मला चार गोळ्या आणि घरी येणारी नर्स देऊन सोडलं. घरी जाताना गाडीत मी मुलाला सांगितलं. सरळ सांगितलं, कारण आता आग्रहाची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. "मी तयार आहे. त्याला म्हणावं काप. गुडघ्याखालून काप."

त्याने गाडीचा वेग कमी केला. "बाबा, असं अभद्र बोलू नका हो."

"अभद्र काय त्यात? डॉक्टरने—"

"आम्ही आहोत ना. तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी तुमचा पाय असा जाऊ देणार नाही." त्याचे डोळे भरले होते. हायवेवर डोळे भरून गाडी चालवणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही.

संध्याकाळी मी तेच सगळ्यांसमोर परत म्हटलं. व्हिडिओवर पुण्याची मुलगी होती, नाशिकचा भाचा होता, समोर मुलगा आणि सून. मी आवाज मैदानावरचा लावला. "मला गुडघा हवाय. पाऊल नकोय. कापू द्या." मुलगी रडायला लागली. "दादा, बाबांनी हिंमत सोडली रे," ती मुलाला म्हणाली, माझ्यासमोर, जणू मी तिथे नव्हतोच. भाचा समजुतीच्या स्वरात म्हणाला, "मामा, हे डिप्रेशन आहे. पेशंटला होतंच असं. आई गेल्यावर माझ्या बाबांचंही असंच झालं होतं." मी म्हणालो, "अरे गाढवा, मला डिप्रेशन नाही, मला गँगरीन आहे." सुनेने लगेच माझं बी.पी. मोजलं. ते वाढलेलंच निघालं. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की बाबांसमोर हा विषय काढायचा नाही, त्यांना त्रास होतो.

तिथून पुढे बोलणी बाल्कनीत व्हायला लागली. सरकत्या काचेच्या दाराआड मुलगा फोनवर हात हलवत बोलायचा आणि मी आतून बघायचो. आत येताना तो चेहरा हसरा करून यायचा. "काय बाबा, मॅच लावू का?"

माझ्यावर त्यांचं प्रेम होतं. हे लिहिताना मला दात-ओठ खावेसे वाटतात, पण ते खरं आहे. प्रेम नसतं तर मी एकदा जोरात भांडलो असतो आणि सुटलो असतो. रात्रंदिवस सेवा करणाऱ्या माणसांशी कसं भांडायचं?

शेवटी मी स्वतः हॉस्पिटलला फोन लावला. सून शाळेत, मुलगा प्लांटवर, घरात मी एकटा. फोनवरच्या मुलीने हिंदीत विचारलं, नंबर काय. मी हेल्थ कार्डावरचा नंबर वाचून दाखवला. ती म्हणाली, "अंकल, रजिस्टर्ड मोबाइल पे कोड आया होगा, बताइए." रजिस्टर्ड मोबाइल मुलाचा. माझा व्हिसा त्याच्या नावावर, कार्ड त्याच्या नावावर, अपॉइंटमेंटचे मेसेज त्याला, कोडही त्याला. आणि रास लफानला प्लांटमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, गॅसमुळे. शिफ्टभर तो फोन गेटजवळच्या लॉकरमध्ये असतो. मी तिला सांगितलं, "बेटी, पेशंट मैं हूँ. पाँव मेरा है. डॉक्टर से कह दो, काट दो." ती घाबरली. "अंकल, किसी फॅमिली मेंबर से बात करवाइए," ती म्हणाली आणि दिवस चांगला जावो म्हणून फोन ठेवला.

त्याच सुमाराला सर्जनच्या ऑफिसातून मुलाला फोन येत होते, हे मला नंतर कळलं. काय ठरलं विचारायला. ते फोनही त्या लॉकरमध्येच वाजून वाजून बंद होत. शिफ्ट संपवून मुलगा मिस्ड कॉल बघायचा तेव्हा तिकडचं ऑफिस बंद. माझ्या पायाचा निर्णय रास लफानच्या गेटवर लोखंडी पेटीत पडून होता आणि मी अल अझीझियात सोफ्यावर बसून मॅच बघत होतो.

घरी येणारी मल्याळी नर्स ड्रेसिंग करताना गप्प असायची. एक दिवस तिने पट्टी सोडली, पोटरी दाबून बघितली आणि घोट्याच्या वर लाली कुठवर आलीय ते पेनाने आखलं. दुसऱ्या खेपेला आली तेव्हा लाली रेघ ओलांडून वर गेली होती. तिने सुनेला सांगितलं, सुनेने मुलाला मेसेज केला, मुलाने शिफ्टनंतर भाच्याला फोटो पाठवला. भाचा म्हणाला, "फ्लाइट जरा अलीकडची घ्या." फ्लाइट आठवड्यावर होती. मी ती रेघ बघत बसायचो. अजून पोटरीवरच आहे, गुडघा लांब आहे, असं स्वतःला सांगायचो.

फ्लाइट आलीच नाही. दुपारी थंडी वाजून आली, दात वाजायला लागले, खोली फिरायला लागली. सुनेने ॲम्ब्युलन्स बोलावली. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. छतावरचे दिवे एकामागून एक डोक्यावरून गेले. कुणीतरी बनियन कापला. मुलगा आला तो प्लांटच्या निळ्या कपड्यांत, बूटसुद्धा तसेच, कारण त्याला निरोप पोचवायला प्लांटमध्ये कुणाला तरी धावत पाठवावं लागलं होतं. सर्जन आला. तो मुलाशी भरभर बोलत होता आणि बोलता बोलता त्याने माझ्या अंगावरची चादर बाजूला केली आणि तळहाताची कड माझ्या मांडीवर ठेवली.

तो हात कुठे ठेवला ते मला कळलं. तापात बाकी काही कळत नव्हतं, पण ते कळलं. मी ओरडलो असं मला वाटतं. सून सांगते की मी फक्त पुटपुटलो. मी म्हणत होतो, "गुडघा. गुडघा." मुलगा वाकला. "गुडघा दुखतोय का बाबा?" आणि तो माझा डावा गुडघा चोळायला लागला. दोन्ही हातांनी, हळूहळू, मी त्याचे चोळायचो तसा, लहानपणी खेळून आल्यावर. मला सांगायचं होतं की दुखत नाहीये रे, तो चांगला आहे. जीभ वळत नव्हती. त्याने बराच वेळ चोळला. मग कुणीतरी त्याला सहीसाठी बोलावलं आणि त्याने हात काढले.

शुद्धीवर आलो तेव्हा चादर डावीकडे मांडीच्या मध्यावर एकदम खाली बसली होती. मी बराच वेळ नुसता तिकडे बघत होतो. रडलो नाही, त्यांना वाटलं मी खंबीर आहे. जुन्या विद्यार्थ्यांना तसं कळवण्यातही आलं.

सर्जन ड्रेसिंग बघायला यायचा. एकदा मुलगा खाली गाडी लावायला गेला होता तेव्हा मी सर्जनला गाठलं. म्हणालो, "तू मला परत का विचारलं नाहीस?"

तो थांबला. स्टुलावर बसला, पहिल्या दिवशी बसला होता तसाच. "बाबा, तुम्ही म्हणालात मुलगा सांगेल. माझ्या वडिलांनी असं म्हटलं असतं आणि कुणी त्यांना परत विचारलं असतं, तर आमच्याकडे तो माझा अपमान झाला असता." मग म्हणाला, "आय ॲम सॉरी." तो मनापासून बोलला. मला त्याचा काही उपयोग नव्हता.

मग व्यायाम सुरू झाले. आयुष्यभर दुसऱ्यांना व्यायाम शिकवला, आता एक पोरगेला जॉर्डनचा फिजिओथेरपिस्ट मला 'यल्ला बाबा, वन मोअर' म्हणतो. कृत्रिम पाय लावून बघितला. त्याला यंत्राचा गुडघा आहे, तो कधी वाकेल याचा भरवसा नाही. माझं हृदय आता तितकं जोरकस नाही, दम लागतो. समांतर दांड्यांना धरून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येतं, तेही घामाघूम होऊन. थेरपिस्टने मला खरं सांगितलं आणि त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. गुडघा असता तर तुम्ही पार्कात गेला असतात, म्हणाला. आता व्हीलचेअरचीच सवय करा. कृत्रिम पाय कपाटात असतो, बूट घातलेला. कपाट उघडलं की कुणीतरी आत लपल्यासारखं वाटतं.

आणि आता घरात मला सगळं विचारतात. चहा की कॉफी. एसी चोवीसवर ठेवू की पंचवीसवर. खिडकीशी बसणार का. भाजी कोणती करू. मुलगा शिफ्टवर पोचला की फोन लॉकरमध्ये टाकण्याआधी विचारतो, "बाबा, काही आणायचंय का?" मी 'तुम्ही म्हणाल तसं' म्हटलं की सगळ्यांचे चेहरे उतरतात आणि ते परत विचारतात. दोनदा, तीनदा. "नाही बाबा, तुम्ही सांगा." भेंडी की गवार यावर माझं मत मिळाल्याशिवाय सून गॅस पेटवत नाही. मला भेंडीचं काही नसतं हो. भेंडी करा, गवार करा, माझा गुडघा गेला.

मुलाशी मी त्याबद्दल एकदाही बोललो नाही. तो रात्री माझ्या खोलीत येऊन उजव्या पायाला तेल लावतो. पाऊल उजेडात धरून, बोटं एकेक सोडवून बघतो. त्यानेच मागच्या महिन्यात पाहिलं. करंगळीशेजारच्या बोटाचं टोक काळपट पडलं होतं.

परत तेच हॉस्पिटल, तोच सर्जन. त्याने बोट बघितलं, नाडी तपासली, फोटो बघितले. मग स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसला. मुलगा माझ्या चेअरमागे उभा होता. सर्जनने सांगितलं, बोट आत्ता काढलं तर पाऊल राहील. वाट बघितली तर सांगता येत नाही. "बाबा," तो म्हणाला आणि माझ्या डोळ्यांत बघून थांबला, "तुमचं काय म्हणणं आहे?"

मागून मुलाचा आवाज आला, "डॉक्टर, आम्ही जरा—"

"काढा," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो, मग इंग्रजीत. "कट इट. कुठे सही करायची?"

सर्जनने कागद पुढे केला. मी सही केली. इतकी वर्षं हजेरीपटावर केली तीच सही, मोठी, रेघेबाहेर जाणारी. गाडीत बसवताना मुलाने मला नेहमीसारखं काखेत हात घालून उचललं, पट्टा लावला, व्हीलचेअर घडी करून मागे ठेवली.

हायवेवर सिग्नलला गाडी थांबली. तो समोर बघत होता. पट्टा गळ्यापाशी त्याने जरा सैल केला.

"बाबा," तो म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता, खरोखर दुखावलेला, लहानपणी संघातून वगळल्यावर व्हायचा तसा. "सही करायच्या आधी निदान एकदा आम्हाला विचारायचं होतं."

मी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत तो काढला नाही.